गिअरबॉक्सच्या बिडाच्या बॉडीला तडा, पाय तुटलेला : निकल रॉड मारावा की पितळेनं झाळावं? (इंदूर)

सांवेर_रोड_फॅब

नमकीनच्या कारखान्यातला बेसन मळायचा मिक्सर, त्याचा वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा वर्म दातांचं चाक फिरवतो तो) दुरुस्तीला आलाय. बॉडी बिडाची (कास्ट आयर्न). चार पायांपैकी एक मुळातून तुटलाय (तुकडा हातात आहे, रुंदी ६० मिमी, जाडी १८ मिमी, बोल्ट एम१२). त्याच मुळापासून एक तडा निघून तेलाच्या ड्रेन प्लगकडे साधारण ११० मिमी गेलाय. तिथं भिंत ९-१० मिमी आहे. मोटर ३ एचपी, १४४० आरपीएम, रेशो ४०ला १, आउटपुट बेअरिंग ६२०७.

आधी कोणीतरी या पायावर साध्या ६०१३ रॉडनं (स्टीलचा नेहमीचा वेल्डिंग रॉड) झाळ मारलीय. झाळ जशीच्या तशी आहे, तिच्या कडेकडेनं बीड फाटलंय.

बॉक्स बनवणारी कंपनी बंद झालीय. बाजारात मिळणाऱ्या बॉक्सची शाफ्टची उंची जुळत नाही, म्हणजे नवा घेतला तर खालची फ्रेमही बदलणं आलं. दिवाळीचा माल सुरू व्हायच्या आत गिऱ्हाइकाला मशीन हवंय.

दुकानात २०० अँपिअरचा इन्व्हर्टर, ३०० अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, टिग (आर्गॉन वेल्डिंग) आणि गॅस सेट आहे. लेथ शेजारच्याकडे. निकल मारू की पितळ? गरम करून की थंड? बेअरिंगचं घर वाकडं झालं तर सगळंच मुसळ केरात, त्यासाठी काय करायचं? आणि टिगनं ३०९ची स्टेनलेस तार चालेल का?

आर्क३१५

रॉडचं नंतर बघू, आधी ते नक्की करडं बीडच आहे का ते बघा. पायाच्या तुकड्याच्या कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवा. करड्या बिडाची ठिणगी आखूड, मळकट लाल, टोकाला थोडीशीच फुटणारी. स्टील कास्टिंगची ठिणगी लांब, पिवळी-पांढरी आणि फुलबाजीसारखी फुटते. मग छिन्नीनं कड उडवून बघा : करडं बीड भुग्यासारखं तुटतं, स्टीलची सलग साल निघते. एसजी आयर्न (गोल ग्राफाइटचं चिवट बीड) असेल तर छिन्नीखाली थोडं दबतं आणि मग तुटतं. बॉडी स्टील कास्टिंगची निघाली तर हा सगळा धागाच नको, स्टीलच्या ७०१८ रॉडनं काम होतं. जुन्या वर्म बॉक्सची बॉडी मात्र बहुतेक करड्या बिडाचीच असते.

६०१३ का फाटली ते समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. बिडात कार्बन ३ टक्क्यांच्या वर, रॉडच्या स्टीलमध्ये ०.१ च्या आसपास. वितळताना बिडातला कार्बन झाळेत शिरतो आणि झाळ काचेसारखी कडक होते. तिच्या शेजारचा दोन-तीन मिमीचा पट्टा झटकन थंड होतो, तिथं पांढरं बीड आणि मार्टेन्साइट (दोन्ही लोखंडाची फार कडक, ठिसूळ रूपं) तयार होतं. त्याला कानससुद्धा लागत नाही. वर झाळ आकसताना ओढते. स्टील ताणलं जातं, बीड ताणलं जात नाही, ते सुटतं. म्हणून भेग झाळेत न पडता नेहमी कडेला पडते.

जुनी ६०१३ पूर्ण काढा. तिच्यावर निकल चढवला तर खालचा कडक पट्टा तसाच राहतो आणि तिथूनच पुन्हा उघडतं. कानस सहज चालायला लागेपर्यंत खोदत जा.

टिग आणि ३०९ विसरा. स्टेनलेस गरम-थंड होताना बिडापेक्षा जवळजवळ दीडपट जास्त फुगतं-आकसतं, आणि त्यातलं क्रोमियम बिडातल्या कार्बनला धरून आणखी कडक थर करतं. मारल्यावर झाळ सुंदर दिसते, थंड होताना टिक-टिक आवाज करत सुटते.

झाळणवाला

तेलाबद्दल कोणी बोललं नाही अजून. गिअरबॉक्सची बॉडी वर्षानुवर्षं तेलात बुडालेली असते. करड्या बिडातला ग्राफाइट पापुद्र्यासारखा असतो, तेल त्यातून आत मुरतं. वरून पुसून काही होत नाही. चाप (आर्क) लावला की तेल उकळून झाळेत शिरतं आणि झाळेला जाळी पडते. निकल रॉड वाईट म्हणून शिव्या खातो त्यातले निम्मे वेळा दोष या तेलाचा असतो.

बेअरिंगं, ऑइल सील, वर्म, चाक सगळं काढा. धुण्याचा सोडा घातलेल्या कडक गरम पाण्यात बॉडी तास-दोन तास ठेवा, ब्रश मारा, स्वच्छ पाण्यानं धुवा, वाळवा. नुसतं रॉकेल वापरू नका, तेही आत मुरतं. मग तड्याचा भाग गॅसच्या मऊ, पसरट ज्योतीनं हळूहळू ३५०-४०० अंशांपर्यंत न्या. आधी धूर येईल, मग तेलाचे ठिपके वर येतील. वायर ब्रश मारत राहा. धूर पूर्ण थांबला की बंद. ज्योत एका जागी टेकवून धरू नका आणि फक्त भेगेवर नको, आजूबाजूचा १००-१५० मिमी भाग फिरवत तापवा. थंड होऊ द्या आपल्या आपण, पंखा बंद.

एवढं करूनही पहिल्या थराला बारीक भोकं पडली तर त्यावर दुसरा थर घालू नका. तो थर खोदून काढायचा आणि परत मारायचा. पहिल्यानं उरलेलं तेल ओढून घेतलेलं असतं, दुसरा सहसा स्वच्छ बसतो.

तडा डोळ्याला दिसतो त्याच्या पुढं गेलेला असतो. डाय पेनिट्रंटचे (रंगानं भेग दाखवणारे) तीन डबे सियागंजात मिळतात : क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. रंग दहा मिनिटं ठेवायचा, फडक्यानं पुसायचा (क्लीनर थेट भेगेवर फवारायचा नाही, आतला रंगही धुतला जातो), मग पांढरा फवारा. लाल रेघ जिथं संपते त्याच्या ५ मिमी पुढं ४ मिमीचं आरपार भोक. हे भोक नसेल तर पहिल्या झाळेच्या ओढीनं तडा पुढं पळतो, आणि तुमच्या केसमध्ये पुढं ड्रेन प्लग आहे.

खाच शक्यतो कार्बाइड बरनं किंवा छिन्नीनं करा. ग्राइंडरचा दगड ग्राफाइट पृष्ठभागावर फासतो, काळपट चकाकी येते आणि त्यावर धातू धरत नाही, पितळ तर मुळीच नाही. ग्राइंडर वापरलाच तर शेवटचा हात कानशीचा. खाच ६०-७० अंशांची, तळ गोलसर. तेल अडवायचंय म्हणून आरपार, मुळाशी दीड-दोन मिमी फट.

आता माझं मत : पाय तरी पितळेनं झाळा. ब्राँझची तार (बाजारातलं नाव, असते पितळेचीच) साधारण ८८० अंशांना वितळते, बीड ११५०च्या पुढं. बीड वितळतच नाही, म्हणून तो कडक पट्टा होत नाही. बॉडी ४५०-५०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापवायची, टाकणखाराचा फ्लक्स, आधी दोन्ही तोंडांवर पितळेचा पातळ थर ‘भिजवून’ घ्यायचा, मग भरायचं. शेवटी गरम राखेत किंवा कळीच्या चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर. गिअरबॉक्स ८०-९० अंशांवर चालतो, त्या तापमानाला पितळेच्या ताकदीला काही होत नाही. जस्ताचा पांढरा धूर निघतो, दार-खिडकी उघडी ठेवून काम करा.

आर्क३१५

पितळ चांगलंच, पण या कामाला नाही. बॉडी ५०० अंशांना नेली की बेअरिंगच्या घरांचा भरवसा संपला. जुन्या कास्टिंगमधले ताण मोकळे होतात आणि घर अंडाकृती होतं. ६२०७ची बाहेरची रिंग ७२ मिमी, घर एच७ (भोकाच्या मापाची ठरलेली सूट) धरलं तर ७२.००० ते ७२.०३०. तीन शतांश मिलिमीटरचा खेळ आहे. बेअरिंगच नसलेला ब्रॅकेट, व्हाइस, शिलाई मशीनचा पाय असतं तर मीही पितळच म्हणालो असतो.

इथं निकल आणि थंड. निकल-आयर्न रॉड घ्या, ईएनआयएफई-सीआय, निकल ५५ टक्के. शुद्ध निकलचा, म्हणजे ईएनआय-सीआय, मऊ राहतो आणि ड्रिल-कानस छान चालते, पण जाड भागाला आणि ओढ सहन करायला निकल-आयर्न बरा. दुकानात नुसतं ‘कास्ट आयर्नचा रॉड’ मागितलात तर कधीकधी स्वस्तातला स्टीलच्या गाभ्याचा रॉड हातात देतात, त्याची झाळ कडक होते. पाकिटावरचा कोड वाचून घ्या. सुटे नग घेत असाल तर टोकाचा रंग आणि छाप पाहा.

किती लागतील त्याचा हिशेब : ११० मिमीची १० मिमी खोल खाच म्हणजे साधारण साडेआठ घन सेमी धातू, पायाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मिळून साडेपाच-सहा. २.५ मिमीच्या रॉडमधून थुंकी-शेंडी (उडणारे थेंब आणि उरलेलं टोक) सोडून एक घन सेमीच्या आसपास धातू पडतो. खाचेच्या भिंतींवरचा आधीचा पातळ लेप आणि खोदून परत मारणं धरून १८ ते २० रॉड आणा. मध्येच रॉड संपून वेगळा रॉड सुरू करायची वेळ येऊ नये. पावसाळ्यातली पाकिटं असतील तर १०० ते १२० अंशांवर तासभर शेका.

इन्व्हर्टर वापरा, रॉड प्लसला, ६५ ते ७५ अँपिअर. जितकं कमी वितळेल तितकं बरं. चाप खाचेच्या बिडावर न रोखता पडलेल्या झाळेच्या कडेवर ठेवायचा. रॉड हलवत रुंद पट्टा मारायचा नाही, सरळ ओढायचा. प्रत्येक टाका २०-२५ मिमी, त्याहून मोठा नाही. टाका संपला की खड्डा भरून मागं येत चाप तोडा, नाहीतर खड्ड्यातच चांदणीसारखी चीर पडते. लाली उतरते न उतरते तोच २५०-३०० ग्रॅमच्या गोल तोंडाच्या हातोडीनं पटापट, हलके ठोके, टाक्यावरच्या लहरी चपट्या होईपर्यंत. आकसणारा धातू ठोक्यानं पसरतो आणि ओढ निघून जाते. काळा पडून गार झाल्यावर ठोकण्यात अर्थ नाही, तेव्हा उलट बीड तडकतं.

मग थांबायचं. शेजारी उघडा हात ठेवता आला पाहिजे, म्हणजे ५०-६० अंश. तोवर दुसऱ्या टोकाला टाका मारा. तड्याच्या बंद टोकाकडून, म्हणजे ४ मिमीच्या भोकाकडून, पायाकडे यायचं. प्रत्येक टाका पुढून सुरू करून आधीच्या टाक्याला येऊन मिळाला पाहिजे. आधी खाचेच्या दोन्ही भिंतींवर एकेक पातळ थर द्या, दोन्ही बाजू जोडायच्या नाहीत. असं केलं की जोडणारा शेवटचा टाका निकलला निकल जोडतो, ओढ बिडावर थेट येत नाही. या सगळ्याला पूर्ण दिवस जातो. संध्याकाळी पाचला गिऱ्हाईक उभं आहे म्हणून शेवटचे तीन टाके सलग मारले की सकाळचं सगळं पाण्यात.

घरांसाठी : वेल्डिंगआधी बोअर गेजनं (भोकाचा व्यास मोजायचं साधन) प्रत्येक घर दोन दिशांनी मोजून लिहून ठेवा. वरचं झाकण त्याच्या बोल्टांनी कसून बसवा. लेथवर ७१.९८ची एमएसची (साध्या स्टीलची) डमी फिरवून घरात सरकवून ठेवा. अर्थ क्लॅम्प बॉडीलाच, खाचेच्या जवळ.

फिटर_पोलोग्राउंड

पायाचा तुकडा बसवताना : २० मिमीची सपाट प्लेट घ्या, तीन चांगले पाय तिच्यावर बोल्टनं बसवा, चौथा तुकडा त्याच्या बोल्टनं त्याच्या जागी. तुटलेल्या तोंडांचे दाणे एकमेकांत बसतात, म्हणून खाच करताना मधला २-३ मिमीचा पट्टा तसाच ठेवा, जागा तोच दाखवतो. दोन्ही बाजूंनी खाच, टाके आलटून-पालटून. चौथ्याचा बोल्ट हातानं घट्ट होईल इतकाच. पान्यानं आवळून ठेवलात तर आकसायला जागा उरत नाही आणि शेवटच्या थराला मुळात चीर जाते. नंतर पायाखाली फट आली तर मिलिंगवर खालची बाजू नुसती पुसून घ्यावी, किंवा शिम (पातळ पत्र्याची चकती) घालावी.

नुसत्या झाळेवर पायाचा भार ठेवायला माझं मन होत नाही. पायाच्या दोन्ही तोंडांत स्टड (बिनडोक्याचे आट्यांचे खिळे) मारा : एम८चे, २५-३० मिमी अंतरानं, आत १५ मिमी आट्यांत, बाहेर ५-६ मिमी. स्टडांचा छेद झाळेच्या तोंडाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका हवा असतो. ६० बाय १८च्या तोंडाला एम८ जेमतेम दोन-तीन बसतील, म्हणजे तेवढा छेद होणार नाही, तरी असलेले बरे. आधी प्रत्येक स्टडाभोवती गोल टाका, मग भराव.

मेटल स्टिचिंग हा तिसरा मार्ग आहे : एकमेकांत अडकणारे आट्यांचे प्लग आणि आडव्या कुलपाच्या पट्ट्या. उष्णता शून्य. पण त्याचे ड्रिल जिग आणि पट्ट्या लागतात, एका कामासाठी आणण्यात अर्थ नाही.

सांवेर_रोड_फॅब

ठिणगी पाहिली, करडं बीडच आहे. डाय मारल्यावर कळलं की तडा ११० नाही, १३०च्या वर गेलाय आणि ड्रेन प्लगच्या गोल उठावाच्या कडेला टेकलाय. आट्यांत शिरलाय की नाही ते नीट दिसत नाही. आता ४ मिमीचं भोक कुठं मारू?

झाळणवाला

प्लग काढून आट्यांच्या आत डाय मारा आणि डेव्हलपर बोटानं नाही, फवाऱ्यानंच. आत लाल आलं नाही तर भोक उठावाच्या अलीकडे, तड्याच्या टोकावर. झाळताना आट्यांत पितळेचा जुना प्लग घालून ठेवा, थुंकी आत जाणार नाही. आत लाल आलं तर तडा भोकात संपला असं समजून समाधान मानू नका. खाच थेट आट्यांपर्यंत न्या, भोक निकलनं पूर्ण बुजवा, आणि ड्रेन बॉडीच्या धड बाजूला नवा पाडा. निकल-आयर्नच्या झाळेत ड्रिल चालतं, पण झाळ आणि बिडाच्या हद्दीवर टॅप मोडतो.

मेंटेनन्सवाला

तुम्ही सगळे झाळेत अडकलात. पाय तुटला का, ते कोणी विचारलंच नाही. ३ एचपी म्हणजे २.२ किलोवॅट. ४०नं भागल्यावर ३६ आरपीएम. वर्मची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर आउटपुटला ४०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क. एवढाच उलटा पीळ बॉडीला बसतो आणि तो पायांवरून फ्रेममध्ये जातो. पायांमधलं अंतर २५० मिमी असेल तर एका बाजूच्या दोन पायांवर मिळून सुमारे १६०० न्यूटन, म्हणजे पायामागे ८० किलोच्या आसपास. एम१२ बोल्ट आणि १८ मिमीचा पाय याला हसत पुरतो. भरल्या मिक्सरनं मोटर थेट स्टार्ट केली तर दुपटीच्या वर जातं, तरी पाय तुटत नाही.

पाय तुटतो तो खाली टेकत नाही म्हणून. फ्रेमवर बॉक्स ठेवा, तीन बोल्ट कसा, चौथ्याखाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) घाला. ०.०५ची पत्ती आत गेली तर पाय अधांतरी आहे. तो बोल्ट कसला की बिडाचा पाय वाकवून खाली ओढला जातो आणि दर फेरीला पिळानं वरखाली होतो. बिडाला वाकणं सहन होत नाही. अशा मिक्सरची फ्रेम बऱ्याचदा ५०च्या अँगलची असते, झाळून वाकडी झालेली, वर रंगाचे चार थर. कितीही निकल भरा, पाय पुन्हा त्याच जागी तुटेल.

म्हणून फ्रेमचंही काम त्याच बिलात घ्या. पायांच्या खाली ७५ बाय ४०चे दोन चॅनेल आडवे, वर १२ मिमीची प्लेट, चारही पायांच्या जागा एका सेटिंगमध्ये मिलिंगनं एका पातळीत. रंग पायाखाली नको. शिम पितळी किंवा स्टेनलेस पत्र्याचे, जास्तीत जास्त तीन, कागद-रबर नको. बोल्ट ८.८ ताकदीच्या ग्रेडचे, जाड वॉशर, आधी चारही हलके, मग आडवे-तिडवे, ८० न्यूटन-मीटरच्या आसपास. मोटर पट्ट्यावर असेल तर पट्ट्याचा ताणही बघा.

आणि एक : हे सगळं कारखान्यात जाऊन करू नका, बॉक्स दुकानात आणलात ते योग्यच केलंत. हवेतली बेसनाची भुकटी ठिणगीनं पेटते.

सांवेर_रोड_फॅब

फ्रेम ५०च्या अँगलचीच आहे, बरोबर ओळखलंत. आट्यांत लाल आलं नाही. उद्या रॉड आणतो. गिऱ्हाइकाला गॅरंटी काय सांगू, आणि तेल गळत नाही हे भरण्याआधी कसं तपासू?

फिटर_पोलोग्राउंड

पायाची गॅरंटी फ्रेम बदलली तरच, आणि ते बिलावर लिहून. तड्याची गॅरंटी गळतीपुरती. बिडाच्या झाळेला ‘नव्यासारखं’ असं तोंडातून निघू देऊ नका.

गळतीसाठी बाहेरून झाळेवर खडूचा जाड लेप, वाळू द्या, आतून रॉकेल तड्याच्या वर येईल इतकं, तासभर ठेवा. खडूवर ओलसर काळा ठिपका दिसला तर तिथं तेवढंच खोदून एक टाका, परत हातोडी. नुसती घाम फुटल्यासारखी ओल असेल तर आतून नीट साफ करून तेल सहन करणारं इपॉक्सी फासा. तड्यावर झाळेऐवजी इपॉक्सी मात्र नाही.

मेंटेनन्सवाला

बोअर गेज परत लावा, आधीच्या आकड्यांशी ताडा. घर ०.०२नं दाबलं गेलं असेल तर हातानं पॉलिश पेपर मारून निघतं, त्याहून जास्त असेल तर बोअर करून बुश बसवावं लागेल. मग वर्मवर निळी मार्किंग पेस्ट लावून हातानं फिरवा. ब्राँझच्या चाकाच्या दातावर ठसा मधोमध, किंचित बाहेर जाणाऱ्या बाजूला हवा. एका कडेला आला तर चाक बाजूच्या शिमनं सरकवा, पायांच्या शिमनं तो सुधारत नाही.

तेल वर्मचंच, व्हीजी (घट्टपणाचा ग्रेड) ४६० किंवा ३२०, बॉक्सच्या प्लेटवर जे लिहिलं असेल ते. गंधकाचं ईपी (जास्त दाबासाठीचं) गिअर ऑइल टाकू नका, गरम झाल्यावर ब्राँझ खातं. आउटपुटचा सील मळणीच्या भांड्याच्या बाजूला असेल तर गिऱ्हाइकाला फूड ग्रेड, एच१ लिहिलेलं तेल घ्यायला लावा. आणि ब्रीदर (बॉक्समधली हवा बाहेर सोडणारी टोपी) उघडून बघा, या कारखान्यांत तो बेसनानं गच्च भरलेला असतो. आतला दाब वाढला की नवा सीलसुद्धा पहिल्या दिवशीच गळतो आणि बोल तुमच्या झाळेला लागतो.